पावणेपंधरा किलोमीटर

16,116 यार्ड म्हणजे नेमकं किती, ते मी एका रात्री कागदावर मांडून पाहिलं. पावणेपंधरा किलोमीटरला जेमतेम कमी. सकाळी चहा घेऊन घरातून निघावं, वाटेत एखाद्या पारावर टेकावं, ओळखीचं कोणी भेटलं तर चार शब्द बोलावेत आणि तरीही दुपारच्या जेवणाला पोचावं, एवढीच ती वाट. फुटबॉलपटू जॉर्ज रीडला ती चालायला तेरा हंगाम लागले. 1963 च्या उन्हाळ्यात निघाला आणि 1975 सरता सरता थांबला. कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात, रिजायना नावाच्या सपाट माळावरच्या शहरात, हिरव्या-पांढऱ्या कपड्यांत, पाठीवर 34 हा आकडा घेऊन.

एवढीशी वाट, आणि एवढी वर्षं.

कॅनडातला हा फुटबॉल आपल्या अंगणातला नाही. चेंडू लंबगोल, तो हातात धरायचा, लांब फेकायचा, नाहीतर काखेत दाबून पळत सुटायचं. मैदान 110 यार्ड लांब आणि 65 यार्ड रुंद, दोन्हीकडे बारा-बारा गडी. दहा यार्ड पुढे सरकायला तीन संधी मिळतात; शेजारच्या अमेरिकेत चार. ती एक संधी कमी असल्यामुळे कॅनडाच्या खेळाला घाई असते आणि घाईतला माणूस आकाशाकडे पाहतो. चेंडू वर जातो, गोल गोल फिरत दूर कुठेतरी उतरतो, प्रेक्षकांच्या माना त्याच्याबरोबर वळतात. अशा या हवेतल्या खेळात रीड हा जमिनीचा माणूस होता. त्याची जागा फुलबॅकची. चेंडू घ्यायचा आणि जिथे सगळ्यात जास्त गर्दी आहे, तिथे घुसायचं. तेरा हंगामांत 3,243 वेळा त्याने हे केलं. दर खेपेला सरासरी पाच यार्डांना थोडंसं कमी. क्रिकेटच्या खेळपट्टीचा पाव हिस्साही भरत नाही.

चेंडू हातात येण्याचा तो क्षण मी जुन्या चित्रणांत थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुन्हा पाहिला आहे. डाव चालवणारा क्वार्टरबॅक रॉन लँकेस्टर, उंचीने कमी, वळतो, हात लांब करतो. रीड तोवर निघालेला असतो. त्याचं एक कोपर छातीशी वर, दुसरा हात पोटाशी आडवा, आणि त्या दोन हातांमधल्या पोकळीत चेंडू ठेवला जातो. फेकला जात नाही, अगदी ठेवला जातो. हात मिटतात. रीडने चेंडूकडे पाहिलेलंच नसतं. त्याची नजर पुढे असते, दोन अवाढव्य पाठींच्या मधे, जिथे अजून काहीच नाही पण अर्ध्या श्वासात एक फट पडणार आहे. फट पडते. कधी ती दारासारखी उघडते, कधी खिडकीच्या फळीएवढीच किलकिली होते, कधी पडतच नाही. तो खांदा खाली घालतो, मांड्यांचा सगळा जोर पुढे लोटतो आणि नाहीसा होतो. मग नुसता ढीग दिसतो. माणसांचा, हेल्मेटांचा, चिखलाने माखलेल्या पोटऱ्यांचा ढीग. एकेक जण उठत जातो, ढीग विरळ होतो. सगळ्यांत खाली रीड असतो.

आणि चेंडू त्याच्याच कवेत असतो.

हे पाहताना मला कबड्डीची चढाई आठवली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, फक्कीच्या रेषेपलीकडे एकटा गेलेला गडी, सात जणांनी धरलेलं कोंडाळं, त्याच्या ओठांवर अखंड चाललेला तो एकसुरी दम. तोही गर्दीत घुसतो, तोही अंगावर माणसं घेतो. पण चढाई करणाऱ्याला परतायचं असतं. मधली रेषा त्याची वाट पाहत असते. बोट टेकलं तरी तो घरी आला. रीडला परत जायची सोय नव्हती. त्याच्या खेळात जिथे पडाल तिथेच खूण होते आणि पुढचा डाव तिथून सुरू होतो. म्हणजे त्या पावणेपंधरा किलोमीटरांतला जवळजवळ प्रत्येक टप्पा त्याने पडून मोजला. पडला, उठला, चार पावलं मागे जाऊन उभा राहिला, पुन्हा हात पसरले. दंडवत घालत जाणारा माणूस जसा आपल्याच अंगाने वाट मोजतो, असं इथे लिहावंसं वाटलं होतं. पण दंडवतात समोरून कुणी अडवत नाही. इथे प्रत्येक वेळी समोर माणसं होती, आणि ती त्याला पाडण्यासाठीच उभी होती.

रीडचा जन्म 2 ऑक्टोबर 1939 चा, मिसिसिपी राज्यातल्या विक्सबर्गचा. नदीकाठच्या उंचवट्यावरचं हे गाव आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 4 जुलै 1863 ला, दीर्घ वेढ्यानंतर विक्सबर्ग पडलं. त्या युद्धाच्या वर्षांत तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बंदरात कापसाच्या गाठींना कधी नव्हे असा भाव आला. वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीतून मुंबईकडे गाठी निघाल्या, मुंबईत शेअरांचा बाजार उसळला, आणि 1865 मध्ये युद्ध संपलं तेव्हा तो तितक्याच जोराने कोसळला. मिसिसिपीच्या काठी ज्या हातांनी तो कापूस वेचला, ते हात गुलामांचे होते. आपल्याकडच्या भरभराटीच्या त्या चार वर्षांच्या मुळाशी त्या हातांच्या गुलामगिरीवरून पेटलेलं युद्ध होतं, हे माझ्या शाळेतल्या इतिहासाने मला कधी सांगितलं नव्हतं. एका फुटबॉलपटूचं जन्मगाव नकाशावर शोधताना ते मला कळलं.

रीड लहान असतानाच मिसिसिपी मागे पडलं. तो वाढला वायव्येच्या टोकाला, सिॲटलजवळच्या रेंटनमध्ये. शिकला आणि खेळला वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात. मग 1963 मध्ये, विक्सबर्ग पडलं त्याला शंभर वर्षं झाली त्याच साली, त्याने सरहद्द ओलांडली आणि तो उत्तरेला गेला. त्या जून महिन्यात विक्सबर्गच्या पूर्वेला, फार लांब नसलेल्या जॅक्सनमध्ये, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मेडगर एव्हर्स यांना त्यांच्याच घरापाशी गोळी घालण्यात आली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन शहरात लाखो माणसं हक्क मागायला जमली. तेवीस वर्षांचा एक काळा तरुण तेव्हा गव्हाच्या प्रांतात उतरत होता.

सस्कॅचवनची लोकसंख्या तेव्हा पुरती दहा लाखही नव्हती. क्षितिजापर्यंत पिवळा गहू, मधूनच धान्याचं एखादं उंच लाकडी कोठार, आणि वर एवढं आभाळ की माणसाला आपली उंची आठवू नये. सपाट मुलखात राहणाऱ्यांची नजर मला नेहमी वेगळी वाटत आली आहे; डोंगराआड काय आहे याची हुरहूर तिच्यात नसते. येणारं वादळ तासभर आधी दिसतं, आणि तरीही ते येतंच. हा तोच प्रांत, ज्याने आदल्याच वर्षी, 1962 च्या जुलैत, डॉक्टरांचा संप सोसून सगळ्यांसाठी सरकारी आरोग्य विमा सुरू केला. इथला रफरायडर्स संघही कुणा धनिकाचा नव्हता, लोकांचा होता. शेतकरी शेकडो किलोमीटर गाडी हाकून सामन्याला यायचे. पहिल्या महायुद्धात एक डोळा गमावलेल्या पिफल्स टेलर यांच्या नावाच्या मैदानात बसायचे. कापणीच्या दिवसांत यायचे, आणि नोव्हेंबरात श्वास गोठायला लागला तरी यायचे.

त्याच रिजायनात रीडला सुरुवातीला राहायला घर मिळायला त्रास झाला. कातडीच्या रंगामुळे.

हे वाक्य मी लिहितो आणि थांबतो. कारण ते दूरचं वाटत नाही. आपल्या शहरांत घर पाहायला गेलेल्या माणसाला आधी आडनाव विचारतात. मग एक छोटी शांतता होते. मग, ‘कळवतो.’ ती शांतता ज्यांनी ऐकली आहे त्यांना रिजायनातला तो जिना, ते अर्धवट उघडलेलं दार आणि त्या दारातला चेहरा सांगायची गरज नाही. सरकारी विमा आणणारी चांगली माणसं आणि घर नाकारणारी माणसं एकाच गावात राहतात, एकाच बाकावर बसून सामना पाहतात. कधी ती एकच माणसं असतात. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. मी फक्त एवढं पाहतो की दार न उघडणाऱ्या त्या शहरासाठी तो दर आठवड्याला मैदानात उतरला, भिंतीसारख्या माणसांवर जाऊन आदळला आणि त्या शहराची जमीन यार्डायार्डाने पुढे नेत राहिला.

आणि तो तिथेच राहिला. तेरा हंगाम, एकच संघ, एकच रंग.

आकडे त्याच्या मागे मागे आले. तेरापैकी अकरा हंगामांत त्याने हजाराहून जास्त यार्ड कापले. 1965 मध्ये 1,768, आणि त्या वर्षी संपूर्ण लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. पण सस्कॅचवनला आकड्यांची भूक नव्हती. त्यांना ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या फुटबॉलचं विजेतेपद, हवा होता. 1923 पासून आठ वेळा हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता आणि आठही वेळा हरला होता. आजोबांनी हार पाहिली, मुलांनी पाहिली, नातवांनी रेडिओवर ऐकली. हरण्याची एवढी सवय झालेल्या लोकांत आशेचं रूपच बदलतं. ती मोठ्याने बोलत नाही. ती फक्त तिकीट काढते.

26 नोव्हेंबर 1966. व्हँकूव्हरचं एम्पायर स्टेडियम. समोर ओटावा, नावंसुद्धा जवळजवळ एकच, इकडे रफरायडर्स, तिकडे रफ रायडर्स. मध्यंतराला 14-14. मग शेवटच्या पर्वात सस्कॅचवन पुढे सरकलं, आणि मग रीडच्या हातात चेंडू आला. या वेळी फट मोठी पडली. टेड अर्नेस, अल बेनेसिक, क्लाइड ब्रॉक अशा माणसांनी ती पाडली. ज्यांचं काम चेंडूला कधी हात न लावता दुसऱ्यासाठी वाट उघडणं हेच होतं, त्या माणसांनी. रीड त्यातून निघाला आणि पाच यार्डांवर पडला नाही, दहावर पडला नाही, वीसवर पडला नाही. आयुष्यभर चार-पाच पावलांत जमिनीवर आलेला तो माणूस त्या थंड दुपारी पळतच राहिला, एकतीस यार्ड, आणि रेषा ओलांडून थांबला तेव्हा त्याच्या पाठीमागे आठ हरलेले अंतिम सामने उभे होते.

29-14. सस्कॅचवनचा पहिला ग्रे कप.

त्या सामन्यात रीडने 133 यार्ड काढले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण इथे थांबतात. मला मात्र त्यानंतरची वर्षं जास्त ओढून नेतात. 1967 मध्ये पुन्हा अंतिम सामना, हॅमिल्टनकडून 24-1 अशी हार. 1969 मध्ये पुन्हा, ओटावाकडून हार. 1972 मध्ये पुन्हा. या वेळी 10-10 अशी बरोबरी, आणि शेवटच्या क्षणी हॅमिल्टनच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने लाथाडलेला चेंडू दोन खांबांमधून गेला. 13-10. रीडला त्याच्या उरलेल्या वर्षांत दुसरा कप मिळाला नाही. एकदा जिंकून पुन्हा तीनदा हरणं हे आठदा हरण्यापेक्षा अवघड असावं, असं मला वाटतं. कारण आता हरणाऱ्याला चव माहीत असते. पण 1973 मध्ये तो पुन्हा उभा होता. 74 मध्ये उभा होता. 75 मध्ये, पस्तिशी ओलांडून, ज्या वयात धावणारे खेळाडू बहुधा उरतच नाहीत, त्या वयातही तो हात पसरून उभा होता.

याच काळात त्याने अमेरिकेच्या जिम ब्राऊनला मागे टाकलं. ब्राऊन नऊ हंगामांत 12,312 यार्ड धावून ऐन बहरात थांबलेला, सिनेमात गेलेला, साऱ्या जगाला ठाऊक असलेला. रीड त्याच्यापुढे चार हजारांच्या आसपास यार्ड गेला. मैदानं वेगळी, नियम वेगळे, मी तुलना करत नाही. पण एकाचं नाव घराघरात पोचलं आणि दुसऱ्याचं गव्हाच्या शेतांपलीकडे फारसं गेलं नाही, याची हळहळ मला वाटते, आणि ती लपवावीशी वाटत नाही.

शरीराचं काय होत असेल? हा प्रश्न मला वय वाढत गेलं तसा जास्त टोचतो. सकाळी जिना उतरताना गुडघा जरा कुरकुरला की मी त्या 3,243 टकरींचा विचार करतो. सोमवारची सकाळ. अंथरुणातून पाय खाली सोडणं. जमिनीला तळवा टेकताना आवळलेला श्वास. बरगड्यांखालचं निळं-जांभळं, हळूहळू पिवळं पडत जाणारं कातडं. बाहेर बर्फाचा पांढरा उजेड. खेळाडूंना तेव्हा आजच्यासारखे पैसे मिळत नसत; हंगाम सरला की अनेकांना दुसरी नोकरी धरावी लागे. शरीर मोडलं तर पुढे काय, हे विचारणारं कुणी तरी हवं होतं.

ते रीडने विचारलं. 1972 मध्ये तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. 1974 मध्ये, सरावाच्या शिबिरांच्या वेळी, कॅनडाच्या फुटबॉलपटूंनी पहिल्यांदा संप केला, तेव्हा अध्यक्ष तोच होता. निवृत्तीनंतरही 1981 पर्यंत त्याने ते काम पाहिलं, आणि 1986 ते 1993 पुन्हा एकदा. मला ही वर्षं त्याच्या धावण्यापासून वेगळी काढता येत नाहीत. खांदा खाली घालून गर्दीत घुसायचं, थोडंसं पुढे सरकायचं, पडायचं, तिथेच खूण करायची, पुन्हा उभं राहायचं: टेबलापाशीही काम हेच असतं. फरक एवढाच की मैदानात अर्नेस आणि ब्रॉक त्याच्यासाठी वाट उघडत होते. टेबलापाशी तो त्यांच्यासाठी उघडत होता.

1978 मध्ये त्याला ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान मिळाला, पुढच्या वर्षी कॅनडाच्या फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचं नाव गेलं. 34 हा आकडा रफरायडर्सनी बाजूला ठेवला. तो अंगरखा आता कुणाला मिळत नाही. ज्या शहरात त्याला राहायला जागा मिळेना, त्या रिजायनात आज त्याच्या नावाचा रस्ता आहे. मला त्या रस्त्याचा आनंद होतो, आणि तरी मी स्वतःला बजावतो की रस्त्यावर नाव लागलं म्हणून ते बंद दार विसरायचं नसतं. दोन्ही गोष्टी त्याच गावाने केल्या. दोन्ही लक्षात ठेवायच्या.

जॉर्ज रीड 1 ऑक्टोबर 2023 रोजी गेला. दुसऱ्या दिवशी त्याला 84 वर्षं पूर्ण झाली असती. त्याचा 16,116 यार्डांचा विक्रम त्याच्या हयातीतच माईक प्रिंगलने मोडला होता. प्रिंगल 16,425 वर थांबला, म्हणजे रीडच्या पुढे फक्त 309 यार्ड. पावणेपंधरा किलोमीटरांच्या वाटेवर हे अंतर पाच मिनिटांचंही नाही. मात्र चेंडू काखेत घेऊन, माणसांची भिंत फोडून, रेषेपलीकडे पोचण्याचा त्याचा विक्रम कुणाला मोडता आलेला नाही. कॅनडाच्या फुटबॉलमध्ये धावत जाऊन केलेले सर्वाधिक टचडाऊन, 134, आजही जॉर्ज रीडच्याच नावावर आहेत.